तामालेसच्या वाफेत निरोप: कोस्टा रिकातल्या स्वयंसेवी मोहिमेचा नाताळ

दोन-अडीच महिने एखाद्या डोंगराळ गावात राहायचं, पाण्याची टाकी बांधायची, जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करायच्या, रोज भात आणि काळा घेवडा खायचा. १९८४ साली ब्रिटनमधून सुरू झालेल्या ऑपरेशन रॅलीनं तरुणांच्या अशा मोहिमा जगभर लोकप्रिय केल्या. आज अनेक संस्था त्या काढतात आणि कोस्टा रिका हे त्यांचं आवडतं ठिकाण आहे. ऑक्टोबरच्या सुमारास निघालेली तुकडी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काम संपवते, म्हणजे शेवट नेमका नाताळाच्या तोंडावर येतो. मग "निरोपाची पार्टी कशी करायची" यावर तंबूत चर्चा सुरू होते. कुणाला केक हवा असतो, कुणाला शेकोटी, तर कुणाला राजधानीतलं एखादं रेस्टॉरंट.

या चर्चेत वेळ घालवू नये असं मला मनापासून वाटतं. कोस्टा रिकात डिसेंबर लागला की घरोघरी तामालेस होतात, म्हणजे मक्याच्या पिठात मांस-भाज्या भरून केळीच्या पानात बांधून उकळलेल्या पुड्या (एकीला तामाल म्हणतात), आणि ते एकट्यादुकट्याचं काम नसतं. सगळं घर, शेजारीपाजारी, आलेगेले पाहुणे टेबलाभोवती उभे राहून पानं पुसतात, भरतात, बांधतात. या सामुदायिक खटपटीला 'तामालेआदा' म्हणतात. निरोपाचा कार्यक्रम म्हणजे हीच तामालेआदा. ज्या गावाबरोबर दोन महिने फावडं मारलं, त्याच गावाबरोबर शेवटचं काम स्वयंपाकाचं करायचं. त्यासाठी काय लागतं, कुठे फसतं आणि त्याआधी काय उरकायला हवं, ते इथे सविस्तर लिहितो. डोळ्यासमोर आहे तो लोस सांतोसचा भाग: सान होसेच्या दक्षिणेकडचे तार्रासू, दोता, लेओन कोर्तेस हे कॉफीचे तालुके. उंची दीड हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गार असतात.

(तामाल आणि आपलं तमालपत्र यांचा काही संबंध नाही. तामाल हा मेक्सिकोतल्या नाउआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आलेला शब्द आहे.)

आधी तारखा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. २४ डिसेंबरची रात्र हा तिथला खरा सण असतो आणि ती रात्र घरच्यांची असते. त्या दिवशी मोहिमेचा कार्यक्रम ठेवला की गावकरी भिडेपोटी येतात आणि अर्धं लक्ष घरच्या चुलीकडे ठेवून बसतात. म्हणून तामालेआदा २४ च्या आधीच्या रविवारी घ्या. रविवारच का? कारण डिसेंबर हा कॉफीच्या तोडणीचा महिना. माणसं पहाटे मळ्यात जातात, दुपारपर्यंत तोडतात आणि मग माल मोजून द्यायच्या केंद्रावर रांग लावतात. मधल्या वारी सकाळचा कार्यक्रम ठेवलात तर म्हातारी माणसं एवढीच येतील. शाळेला सुट्टी लागलेली असते, पण तोडणीच्या दिवसांत मुलंही मळ्यात असतात. आणखी एक गोष्ट: कायद्यानं 'आग्विनाल्दो' म्हणजे तेराव्या महिन्याचा पगार डिसेंबरच्या पहिल्या २० दिवसांत द्यावा लागतो. तो हातात पडला की बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. मांस, मक्याचं पीठ, सुतळी यांची मागणी दुकानदाराकडे १० तारखेच्या आत नोंदवून ठेवा.

दुसरी तारीख काँक्रीटची. टाकीचा पाया असो की समाजमंदिराची फरशी, शेवटचं काँक्रीट १० डिसेंबरनंतर ओतू नका. किमान सात दिवस त्यावर पाणी मारावं लागतं आणि पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. लोस सांतोसमध्ये डिसेंबरात पाऊस ओसरतो आणि कोरडा वारा सुटतो. त्या वाऱ्यात उघडी ठेवलेली फरशी दोन दिवसांत केसासारख्या भेगा दाखवते. ओली पोती किंवा प्लास्टिक टाकून कडेनं दगड ठेवा, आणि पाणी कोण मारणार याची पाळी लावा. अशी कच्ची फरशी आणि त्यावर रविवारी रात्री नाचणारी शंभर माणसं, हे एकत्र येऊ देऊ नका. फोडलेल्या सिमेंटच्या पिशव्या उरल्या असतील तर त्याच आठवड्यात गावाला देऊन टाका. जानेवारीपर्यंत त्यांचे दगड होतात.

पाण्याची टाकी बांधली असेल तर हस्तांतराआधी ती क्लोरीननं धुवायची असते. प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅम, आणि टाकी २४ तास भरलेली ठेवायची. दहा हजार लिटरच्या टाकीला ५०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये तो ६५ टक्के असतो, म्हणजे साधारण ७७० ग्रॅम पावडर झाली. आपल्याकडे ग्रामपंचायत वापरते त्या टीसीएल पावडरीत क्लोरीन जेमतेम निम्म्यानं असतो, त्यामुळे तिच्यावर हात बसलेल्यांनी अंदाजानं ओतू नये. आधी बादलीभर पाण्यात विरघळवा, मगच टाकीत घाला. नंतर ते पाणी ओढ्यात सोडू नका, मासे आणि बेडूक मरतात. पिकापासून लांब, मोकळ्या जमिनीवर हळूहळू जिरू द्या. तिथे गावाची पाणीयोजना 'आसादा' नावाची गावकऱ्यांचीच समिती चालवते. तिच्या हातात किल्ल्या देताना व्हॉल्व्ह कुठे पुरलेत त्याचा नकाशा, पाइपांचे व्यास आणि उरलेल्या सुट्या भागांची यादी स्पॅनिशमध्ये लिहून द्या. दोन प्रती करा, एक समितीला आणि एक शाळेत. भाषणापेक्षा हा कागद दहा वर्षं जास्त उपयोगी पडतो.

छावणी आवरतानाही सावध राहायला हवं. दोन महिने पडून राहिलेल्या फळ्या, ताडपत्र्या, दगडांचे ढीग हे सापांचं घर झालेलं असतं. सखल, उष्ण भागात तेर्सिओपेलो नावाचा अतिविषारी साप नेमका अशाच जागी सापडतो. आधी लांब काठीनं हलवा, मग गमबूट आणि जाड हातमोजे घालून उचला, आणि हे काम दिवसाउजेडीच करा. साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो हे तुकडीतले नवखे हटकून विसरतात. शौचाचा खड्डा वरून निदान अर्धा मीटर मातीनं दाबून भरा आणि थोडा उंचवटा ठेवा, कारण माती पुढे बसते. तंबू उन्हात कडकडीत वाळल्याशिवाय गुंडाळू नका. दमट घडी घातलेल्या तंबूच्या आतला थर चिकट होऊन सोलला जातो आणि तो पुन्हा दुरुस्त होत नाही. बुटांची माती ब्रशनं काढा, ब्लीचच्या पाण्यानं पुसा, वाळवा. बेडकांना मारणारी काइट्रिड बुरशी ओल्या मातीतून एका दरीतून दुसऱ्या दरीत जाते. मोन्तेवेर्देचा सोनेरी भेक १९८९ नंतर कुणाला दिसलेला नाही. ज्या देशातलं जंगल जपायला आपण आलो, तिथे एवढी काळजी घ्यायलाच हवी.

आता मुख्य गोष्ट.

वीस स्वयंसेवक आणि साठएक गावकरी धरले, प्रत्येकी दोन खायचे आणि उरलेले वाटायचे, तर २४० तामालेस लागतात. कोस्टा रिकात दोन तामालेस समोरासमोर ठेवून एकत्र बांधतात. त्या जोडीला 'पिन्या' म्हणतात, शब्दाचा अर्थ अननस. म्हणजे १२० पिन्या झाल्या. त्यासाठी मक्याचं पीठ ८ किलो, डुकराचं मांस ८ किलो, चरबी सव्वादोन ते अडीच किलो, रस्सा १८ लिटर, तांदूळ २ किलो, काबुली चणे १ किलो, गाजरं ३ किलो, फरसबी २ किलो, लाल ढोबळी मिरच्या २०, कांदा, लसूण, कोथिंबीर भरपूर, आणि रंगासाठी अचिओते. अचिओते म्हणजे आपली शेंद्री. पानं ४८० तुकडे, म्हणजे मोठी ५० पानं. सुतळी २०० मीटर. मीठ किती ते पुढे सांगतो, तिथेच बरेचजण घसरतात.

पीठ कुठलं घ्यायचं हे महत्त्वाचं. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ हवं. पुल्पेरिआत, म्हणजे गावच्या वाणसामानाच्या दुकानात ते मिळतं. ज्यांना घरी परतल्यावर पुण्यात किंवा डोंबिवलीत हा प्रयोग करायचा असेल, त्यांनी भाकरीचं मक्याचं पीठ वापरू नये, कॉर्नफ्लोअर तर नकोच. चुन्यामुळे मक्याच्या पिठाला चिकटपणा येतो. त्याशिवाय तामाल पान सोडताच भुगा होतो.

शनिवारी तीन कामं: पानं तोडणं, चणे भिजवणं, मांस शिजवणं. पानं केळीची किंवा राजेळीसारख्या भाजीच्या केळीची. मधला जाड दांडा कापून टाका, दोन्ही बाजूंचे पट्टे मोकळे करा. प्रत्येक पट्टा जाळावरून झरकन फिरवा. फिका हिरवा रंग गडद होतो आणि पान चकाकू लागतं, तेवढं पुरे. केळीच्या पानात बांगडा भाजणाऱ्या कोकणी माणसाला हे वेगळं सांगायला नको. न शेकलेलं पान दुमडताना शिरेवर फाटतं, जास्त शेकलेलं कुरकुरीत होऊन तुटतं. मग ओल्या फडक्यानं दोन्ही बाजू पुसायच्या. पांढरं फडकं घ्या, काळं होतं तेव्हा किती धूळ होती ते कळतं. मोठा तुकडा ३० सेंटिमीटर चौरस, आतला २० सेंटिमीटरचा.

मांसाचे मोठे तुकडे कांदा, लसूण, कोथिंबिरीच्या काड्या आणि मीठ घालून २२ लिटर पाण्यात दीड तास मंद शिजवा. शिजल्यावर १८ लिटर रस्सा उरायला हवा. तो रात्रभर त्याच खोल टोपात झाकून ठेवू नका. इतका मोठा टोप आतून पहाटेपर्यंत कोमटच राहतो आणि कोमट रस्सा नासतो. उथळ पातेल्यांत वाटून घ्या आणि गार झाला की बर्फाच्या पेटीत किंवा फ्रिजमध्ये ठेवा. समाजमंदिराच्या स्वयंपाकघरात बहुतेक वेळा फ्रिज असतो. सोय नसेल तर सरळ रविवारी पहाटे चारला मांस शिजायला ठेवा.

रविवारी सकाळी सातला पीठ भिजवायला घ्यायचं. रस्सा गरम हवा, उकळता नको. चरबीत अचिओते परतून रंग उतरू द्या, ती चरबी पिठात घाला, मग थोडा थोडा रस्सा ओतत हातानं फेटा. काही घरांत उकडलेला बटाटा कुस्करून घालतात, त्यानं तामाल दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. मला हा प्रकार जास्त आवडतो. पीठ कितपत सैल? उकडीच्या मोदकाच्या उकडीपेक्षा सैल, भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट. श्रीखंडासारखं डावावरून हळूच सुटायला हवं. पीठ २० मिनिटं झाकून ठेवलं की आणखी घट्ट होतं, म्हणून शेवटचा दोन लिटर रस्सा राखून ठेवा. मीठ मात्र कच्च्या पिठात चाखून किंचित जास्तच घालायचं, कारण उकळताना ते पाण्यात उतरतं. चवीला बरोबर वाटेल इतकंच मीठ घातलं तर शिजलेला तामाल अळणी लागतो, आणि मग वरून काहीही केलं तरी तो सुधारत नाही. उकळण्याच्या पाण्यातही मूठभर मीठ टाका.

तांदूळ अचिओते घालून मोकळा शिजवा, चणे मऊ, गाजर आणि फरसबी मात्र कच्चीच, पट्ट्या कापून. ती तामालबरोबर शिजते.

भरायची रीत अशी. मोठं पान खाली, त्यावर लहान पान शिरा आडव्या येतील असं. शिरा एकाच दिशेला आल्या तर पाकीट त्या रेषेत फाटतं, आडव्या घातल्या तर एक पान दुसऱ्याला सांभाळतं. मधोमध डावभर पीठ, साधारण ११५ ग्रॅम. ते तळहाताएवढं पसरून त्यावर चमचाभर भात, मांसाचा तुकडा, दोन-तीन चणे, गाजर, फरसबी आणि मिरचीची एकेक पट्टी. ऑलिव्ह किंवा सुकवलेला आलुबुखार घालणारी घरंही आहेत. मग पानाच्या समोरासमोरच्या दोन कडा एकत्र आणून, पुडी बांधताना घालतो तशी दोनदा खाली घडी, आणि मोकळी टोकं खालच्या बाजूला दुमडायची. अशी दोन पाकिटं, घडीची बाजू आत, एकमेकांवर ठेवून सुतळीनं उभं-आडवं बांधायचं. सुतळी घट्ट असावी, पण पानात रुतू नये. पीठ फुगतं, फार आवळलं तर पान फुटतं. सैल बांधलं तर पाणी शिरून आत खीर होते.

कुणी कुठे उभं राहायचं हे आधीच ठरवा. चार जण पानं लावायला, दोन पिठाला, आठ भरायला, चार बांधायला, दोन चुलीपाशी. २४० चं काम तीन तासांत उरकतं. आणि बांधायचं काम गावातल्या बायकांकडेच असू द्या, निदान पहिल्या ५० पिन्यांपर्यंत. शेजारी उभं राहून बघा. तिथल्या प्रौढ बाईला 'दोन्या' आणि पुढे तिचं नाव, पुरुषाला 'दोन' आणि नाव, अशीच हाक मारायची, आपण काकू-काका म्हणतो तशी. कोस्टा रिकात लहान मुलांनासुद्धा बऱ्याचदा आदरार्थी 'उस्तेद' वापरतात, त्यामुळे तुम्हीही सगळ्यांशी तसंच बोला, कधीच चुकणार नाही.

टोपाच्या तळाशी उरलेली पानं आणि कापलेले दांडे पसरा, म्हणजे खालच्या पिन्या करपत नाहीत. ६० लिटरच्या टोपात साधारण ४० पिन्या मावतात, म्हणजे तीन टोप किंवा तीन खेपा. पाणी खळखळ उकळल्यावरच पिन्या सोडा. थंड पाण्यात ठेवून मग जाळ लावला तर पीठ आवळण्याआधीच घडीतून बाहेर येतं. पिन्या पूर्ण बुडायला हव्यात, वरून पानं झाका, त्यावर एक वजनदार झाकण. एक ते दीड तास. पाणी कमी झालं तर उकळतंच ओता, त्यासाठी बाजूला एक किटली ठेवा. काढल्यावर उभ्या ठेवून निथळू द्या आणि अर्धा तास तरी सोडू नका. लगेच उघडलेला तामाल लिबलिबीत दिसतो आणि "शिजलाच नाही" म्हणून लोक पुन्हा टोपात टाकतात. तो शिजलेला असतो, त्याला फक्त बसायला वेळ हवा असतो.

शाकाहारी मंडळींसाठी वेगळी खेप करा. मराठी तुकडीत ते असणारच. तिथे बिनमांसाच्या तामालला 'तामाल मुदो' म्हणतात, मुका तामाल. त्यात बहुतेक वेळा कुस्करलेला काळा घेवडा असतो. पण मांस नाही म्हणजे शाकाहारी असं समजू नका, पिठात डुकराची चरबी असतेच. वेगळं पीठ, चरबीऐवजी तेल, भाज्यांचा रस्सा, वेगळा टोप, आणि ही खेप सकाळी सगळ्यात आधी. सुतळी वेगळ्या रंगाची घ्या आणि कुठला रंग कशाचा हे भिंतीवर लिहून लावा. घेवडा घट्ट परतून घ्यायचा, पातळ राहिला तर पीठ फाटतं.

तीनच्या सुमारास जेवण. तामालबरोबर साल्सा लिसानो नावाचं तपकिरी, आंबटगोड सॉस आणि कॉफी. कॉफी 'चोर्रेआदोर'वर करा: लाकडी चौकटीत लटकवलेली कापडी पिशवी, खाली भांडं. लिटरला ६० ग्रॅम पूड, पाणी उकळून मिनिटभर थांबून ओतायचं. नवी पिशवी वापरली तर कॉफीला कापडाचा वास येतो, म्हणून ती आधी दोनदा कॉफीतच उकळून घ्या. साबण कधीच लावू नका. मुलांसाठी 'आग्वा दुल्से', म्हणजे उसाच्या गुळाचं गरम पाणी. तिथला गूळ शंकूच्या आकाराच्या ढेपेत येतो आणि चव थेट कोल्हापूरची आठवण करून देते. सुंठ घातली तर गावातल्या आज्ज्याही पसंत करतात.

नाताळाचं पेय रोम्पोपे. दोन लिटर दूध दालचिनी, लवंग, जायफळ घालून उकळा. १२ अंड्यांचे पिवळे बलक ४०० ग्रॅम साखरेत फेटून त्यात गरम दूध पळीपळीनं घाला, मग पुन्हा मंद जाळावर ठेवून चमच्याच्या पाठीवर थर बसेपर्यंत हलवा. उकळी आली की अंडं फुटून गुठळ्या होतात. कच्चं अंडं मात्र ठेवू नका, परतीच्या विमानाआधी पोट बिघडवून घेण्यात अर्थ नाही. गार झाल्यावर अर्धा भाग बिनदारूचा वेगळा काढा, उरलेल्यात पाव लिटर रम.

दारूबद्दल स्पष्ट सांगतो. दोन महिने न पिता, रोज घाम गाळून वजन उतरलेल्या शरीराला पूर्वीचं प्रमाण झेपत नाही. ग्वारो ही तिथली उसाची दारू गोड सरबतात मिसळली की कळत नाही. जेवण आधी, दारू नंतर. अंधार पडल्यावर नदीवर कुणी जायचं नाही. गाडी चालवणारा त्या दिवशी थेंबही घेणार नाही. आणि रात्री गाडी काढायचीच नाही: लोस सांतोसजवळून जाणारा इंटर-अमेरिकन महामार्ग सेर्रो दे ला मुएर्ते या डोंगरावर ३,३०० मीटरच्या वर चढतो, तिथलं धुकं आणि वळणं भर दिवसाही कठीण असतात.

भेटवस्तूंसाठी 'अमिगो सेक्रेतो', म्हणजे चिठ्ठी टाकून प्रत्येकानं गुपचूप एकाला भेट द्यायची. एकच नियम पाळा: विकत घेतलेलं काही नको. कॉफीच्या लाकडाचा चमचा, पॅराकॉर्डची (पॅराशूटच्या बारीक, मजबूत दोरीची) पट्टी, हातानं काढलेला खोऱ्याचा नकाशा. गावातल्या मुलांवर मात्र खेळणी-चॉकलेटं उधळू नका, मागे भांडणं उरतात. कोयते, फावडी, थाप्या, घमेली चांगली घासून, तेल लावून समितीकडे एकत्र द्या. कोयता आठवण म्हणून घरी न्यायचा मोह आवरा, तो तिथे जास्त कामाचा आहे.

निघायच्या गडबडीत राहून जातात अशा दोन-चार गोष्टी इथेच लिहितो. कोस्टा रिकाहून पनामा किंवा कोलंबिया फिरून भारतात परतणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो. दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर भारतीय पासपोर्टला तिथला व्हिसा लागतोच, विमानतळाबाहेर पाऊल ठेवायचं नसलं तरी. मलेरियाच्या गोळ्या डॉक्सिसायक्लिन असतील तर परतल्यावरही चार आठवडे घ्यायच्या. आणि त्वचेकडे लक्ष द्या. डास चावल्यासारखी गाठ, मध्ये बारीक छिद्र, आत काहीतरी हलल्यासारखं वाटणं, म्हणजे तोर्सालो माशीची अळी. ती पिळू नका, आतच तुटते. छिद्रावर व्हॅसलिनचा जाड थर काही तास ठेवला की ती श्वासासाठी वर येते, मग डॉक्टरकडून काढून घ्या. कडा उचललेली, न दुखणारी, आठवडेच्या आठवडे न भरणारी जखम असेल तर ती पापालोमोयो, म्हणजे लेश्मानिया या परजीवीचा त्वचेचा आजार असू शकतो. घरी परतल्यावर महिन्यांनीही ती उठते. मुंबई-पुण्यातल्या डॉक्टरांना मध्य अमेरिकेत राहून आलात हे स्वतःहून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.

२४ तारीख गावातच काढायची असेल तर तुकडीनं दोन-दोन, तीन-तीन जणांत वाटून घरोघरी जावं. वीस जणांचा घोळका एका घरात नको. रिकाम्या हातानं जाऊ नका. सफरचंदं आणि द्राक्षं न्या, ती तिथली नाताळाची फळं. चर्चला जाताना लांब पँट, स्वच्छ शर्ट. मिस्सा मध्यरात्रीच असेल असं धरून चालू नका, एकाच पाद्रीकडे अनेक गावं असली की ती संध्याकाळीच उरकते. प्रत्येक घरात 'पोर्ताल' असतो, आपल्या वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतल्या गोठ्यासारखा देखावा. बाळाची जागा मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते आणि बारा वाजता घरातलं कुणीतरी मूर्ती आणून ठेवतं. तेव्हा भारतात २५ तारखेचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. घरी फोन करायचा तर तो आधी किंवा नंतर, ती दहा मिनिटं सोडून. आणि पोर्तालसाठी मदत म्हणून जंगलातलं शेवाळ खरवडून आणू नका. ते वाढायला वर्षानुवर्षं लागतात. रंगवलेला लाकडाचा भुसा तितकाच छान दिसतो.

२५ ची सकाळ गावात अगदी शांत असते. बसही मोजक्याच, म्हणून निघायचं ते २६ ला. उरलेल्या पिन्या फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतात, बाहेर मात्र ठेवू नका. गरम करायच्या तर पानासकट उकळत्या पाण्यात २० मिनिटं. न्याहारीला मात्र पान सोडवून, जाड काप करून, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजू खरपूस होईपर्यंत परता. पहिली बाजू सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. उसने आणलेले टोप राखेनं घासून, कुठलं झाकण कुणाचं ते बघून, त्यात दोन-दोन पिन्या ठेवून परत करा. पानं खताच्या खड्ड्यात जातील, पण त्याआधी सुतळ्या वेचून काढा, कारण दुकानातून नायलॉनची आली असेल तर ती कुजत नाही आणि कोंबड्यांच्या पायात अडकते.